हेस्टरचा उजवा खांदा आणि मी

“हा खांदा विश्रांती मागतोय, हेस्टर. आज ऐकलं नाहीस, तर पुढे साधी किटली उचलतानाही तुला माझी आठवण येईल,” ओन्नो म्हणाला होता. तो तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, दुखऱ्या जागा चोळून द्यायचा. हेस्टर बुटाची नाडी बांधत होती. “तुझं तोंड मात्र कधीच विश्रांती मागत नाही, ओन्नो,” ती म्हणाली. मग तिने मला उचलले आणि ती कोर्टावर गेली.

मित्रांनो, मी एक जुनी टेनिसची रॅकेट आहे. हेस्टर या डच खेळाडूची. आता मी तिच्या घरी, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीशेजारी भिंतीवर असते. माझ्या दोन तारा तुटल्या आहेत. मुठीवरची पट्टी वाळून कडक झाली आहे. पण तिच्या हाताबद्दल मला जेवढे ठाऊक आहे, तेवढे तिच्या आईलाही ठाऊक नसेल.

माझा जन्म कारखान्यातला. काळ्या कार्बनचे थर साच्यात घालून भाजले, मग रंग चढला, मग तारा ओवल्या. आम्ही सहा बहिणी एकाच खोक्यातून हेस्टरकडे आलो. तिने एकेकीला हवेत फिरवून पाहिले. माझ्यापाशी ती थांबली, पुन्हा एकदा फिरवले आणि हसली. तेव्हापासून अवघड सामना असला की पिशवीतून ती मलाच काढायची.

किती देशांची लाल माती माझ्या कडांना लागली असेल. आगगाडीत हेस्टर मला मांडीवर घेऊन झोपायची. आम्ही जास्त वेळा हरलो, पण जिंकलोही. दुहेरीचा एक मोठा चषक मिळाला, तेव्हा डेव्हेंटर शहरातल्या तिच्या क्लबने दारातच तिचा फोटो लावला. त्याच आठवड्यात रविवारी क्लबच्या कॅन्टीनमध्ये कॉफी द्यायची, सगळ्या सभासदांना येते ती पाळीही तिच्याच नावावर लावली.

“चषक आणलास, छान केलंस. पण कप कोण विसळणार?” तिथल्या एका काकूंनी विचारले.

हेस्टरने मला कोपऱ्यात उभे केले आणि बाह्या सरसावल्या. ते दिवस फार सुखाचे होते.

खांदा दुखू लागला, ते सर्वांत आधी मला कळले. तिची करंगळी सैल पडायची. मग ती जाळीकडे पाठ करायची आणि माझ्या तारा बोटांनी नीट करत उभी राहायची. बघणाऱ्यांना वाटायचे, किती टापटिपीची मुलगी आहे. तारा नीटच असायच्या. ती कळ ओसरायची वाट बघत असायची. वळायची, तेव्हा चेहऱ्यावर काही नसायचे. समोरच्या खेळाडूला दुखणे दाखवायचे नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेले होते.

एका सामन्यात चेंडू मारायला तिचा हात वर गेलाच नाही. समोर बेल्जियमची वेर्ले होती. दोघी कितीतरी वर्षे एकमेकींविरुद्ध खेळत आल्या होत्या. हेस्टरने जाळीपाशी जाऊन तिच्याशी हात मिळवला आणि सामना सोडला. पुढे निरोपाची फुले आली, भाषणे झाली आणि मी भिंतीवर आले.

मग घरात हेस्टरची लेक फीन आली. एवढीशी, सतत भुकेली. पहिले काही दिवस सुईण घरी येत होती. वेळ ठरवून पाहुणे आले, मुलगी झाली की आमच्याकडे देतात ते गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या लावलेले टोस्ट खाऊन गेले. नंतर घर शांत झाले. फीनचा बाबा यॉरिस सकाळी सायकल काढून शाळेत शिकवायला जायचा. आमच्या खिडकीला पडदा नाही. येणारे-जाणारे हात हलवायचे, हेस्टर डाव्या हाताने उत्तर द्यायची. सगळ्यांना घर दिसत होते. आत मात्र कुणी येत नव्हते. वेळ न ठरवता कुणाकडे जायची आमच्या देशात रीतच नाही.

एके दिवशी ती फीनला घेऊन जिना चढत होती. तो जिना शिडीसारखा उभा आहे. अर्ध्यावर तिचा उजवा हात सुटला. डाव्या हाताने तिने बाळाला छातीशी दाबले आणि ती तिथेच पायरीवर बसली. फीन झोपेतून उठलीही नाही.  संध्याकाळी यॉरिसने विचारले, “कसा गेला दिवस?” ती म्हणाली, “मस्त.” मला वाचा असती, तर मी भिंतीवरून ओरडले असते.

त्यानंतर एका दुपारी दार वाजले. वेर्ले आली होती, काही न कळवता.

“अगं, फोन तरी करायचास,” हेस्टर म्हणाली.

“म्हणजे तू घर आवरून, हसू चिकटवून बसली असतीस. कॉफी टाक. आणि बिस्किटांचा डबा उघडाच राहू दे, तुम्हा डच लोकांसारखं एका बिस्किटावर माझं भागत नाही.”

फीन रडू लागली. हेस्टर पाळण्याशी गेली, वेर्लेकडे पाठ केली आणि दुलईची कड बोटांनी सरळ करत उभी राहिली. दुलई सरळच होती.

वेर्लेने कप खाली ठेवला. “किती दुखतंय?”

“कुठे काय?”

“हेस्टर, तू तारा चाचपायला लागलीस की पुढचा चेंडू मी मुद्दाम तुझ्या डोक्यावरून उंच टाकायचे. हात वर न्यायला लागावा म्हणून. निम्मे सामने त्यावरच जिंकले मी. तू मला काय फसवणार?”

हेस्टरने फीनला डाव्या हाताने उचलून घेतले. मग हळूच म्हणाली, “मी हिला जिन्यावरून पाडलं असतं, वेर्ले.”

“नाही पाडलंस. दे इकडे तिला. आणि यॉरिसला तू सांगतेस की मी सांगू?”

“मी सांगते.”

तो घरी येईपर्यंत वेर्ले हलली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा पलंग आणि फीनचा रात्रीचा पाळणा वरून खालच्या खोलीत आला. ओन्नोही आला. तो काहीच बोलला नाही, नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवून बसला. खांदा पूर्ण बरा व्हायचा नाही. पण आता जिन्यावर फीनला यॉरिस घेतो, आणि हेस्टर दुखले की दुखले म्हणते.

मित्रांनो, माझ्या तारा तुटल्या तर नव्या ओवता येतात. माणसांची काळजी वेळेवर घ्यावी लागते. तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच आई झाली असेल, तुमची ताई, मावशी, शेजारची वहिनी, आणि ती नेहमी “मस्त” म्हणत असेल, तर आईला घेऊन आजच तिच्याकडे जा. आधी कळवू नका. बाळाला थोडा वेळ तुमच्या आईच्या मांडीवर द्या, तुम्ही त्या नव्या आईजवळ बसा, आणि तिला विचारा, कुठे दुखतंय?