बुडालेल्या गावातला दवाखाना

मी एक जुना जिल्हा आहे. माझ्या अंगावरून नद्या वाहतात, चर्चचे मनोरे उभे आहेत, मेंढ्यांची कुरणे पसरली आहेत. हे सगळे अर्थात छापलेले आहे. मित्रांनो, मी भिंतीवरचा नकाशा आहे, इंग्लंडमधल्या रटलंडचा. तिथल्या जुन्या जिल्ह्यांत हा सर्वांत लहान. गाडीत बसून सीटबेल्टशी झटापट होईपर्यंत संपतो.

साठच्या दशकात मला छापले, कापडावर चिकटवले, वर-खाली लाकडी दांडे ठोकले आणि बोटीने ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या एका कॉलेजात धाडले. प्राध्यापक माझ्यावर छडी टेकवून सांगत, "पाहा, एवढासा जिल्हा, पण कौन्सिल स्वतःची!" मी फुगून जात असे. हवा दमट होती, त्यामुळे कापडही फुगे.

१९७४ साली सरकारने माझा जिल्हा रद्द करून शेजारच्या लेस्टरशायरला जोडला. मला मात्र कोणी उतरवले नाही, कारण शिडी सापडत नव्हती. तिथले लोक मागे लागले आणि १९९७ साली त्यांनी आपली कौन्सिल परत मिळवली. त्याच वर्षी इथे शिडी सापडली. माझी रवानगी अडगळीत झाली.

मग भारतातून विद्यार्थ्यांचा लोंढा आला. वर्ग कमी पडू लागले, अडगळीच्या खोलीचाही वर्ग झाला आणि मी कचऱ्याच्या डब्याला टेकून उभा राहिलो. तिथून मला पुण्याच्या शाल्मलीने उचलले. ती नगररचना शिकत होती. चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या तिच्या शेअर हाउसमध्ये सोफ्यामागच्या भिंतीला ओल होती. घर तपासायला येणाऱ्या मालकाच्या एजंटला ती ओल दिसू नये, म्हणून मला तिथे टांगले.

पण शाल्मलीने मला वाचलेही. स्थानिक कारभाराच्या विषयात तिला कोणत्याही एका ग्रामीण जिल्ह्यासाठी दवाखान्याची जागा सुचवायची होती. हा विषय राहिला असता तर कोर्स लांबला असता आणि त्याआधी व्हिसा संपला असता. तिने माझ्यावर दोरा लावून अंतरे मोजली आणि खोऱ्यातले नेदर हॅम्बलटन हे गाव निवडले. आयुष्यात प्रथमच माझ्या भरवशावर कोणी काही बांधणार होते.

रविवारी दुपारी तिने घरातल्यांपुढे तालीम केली. मुंबईचा राघव पोह्यांची बशी मांडीवर आणि लॅपटॉप बशीशेजारी घेऊन बसला होता.

"शाल्मले, तुझा दवाखाना पाण्यात आहे."

"म्हणजे फेल?"

"म्हणजे धरणात गं! सत्तरच्या दशकात तिथे धरण झालंय. पेशंटला केसपेपरसोबत स्नॉर्कल देणारेस का?"

सगळे हसले. शाल्मली माझ्याकडे बघत राहिली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. माझ्यामागे ओल होती.

"आईचं माहेर पण असंच धरणात गेलं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की मामा अजून देवळाच्या पायरीवर नारळ फोडून येतो."

"मग?"

"मग काय! सोळा वर्षं शिकून मी जे केलं ना, ते मामानं केलं नसतं. तो आधी विचारेल, पाणी कुठवर येतं?"

तिने संध्याकाळपर्यंतच सगळे बदलले. बुधवारी मला गुंडाळून बसने नेले. वर्गापुढे तिने माझ्यावर निळा कागद चिकटवला आणि म्हणाली, "माझा दवाखाना इथे, पाण्याखाली होता. मला हे रविवारी कळलं." मग मामाच्या पायरीची गोष्ट सांगून तिने मांडले: गाव बुडाले, जिल्हा पुसला गेला. जिल्हा परत आला, कारण माणसे मागत राहिली. म्हणून दवाखान्याची जागा आधी माणसांना विचारावी. ट्यूटर मार्गारेटबाईंनी पुढे येऊन माझ्या कोपऱ्यातले छपाईचे साल वाचले. "नो वरीज," त्या ऑस्ट्रेलियन थाटात म्हणाल्या, "पण नकाशाचं साल बघत जा, मेट."

शाल्मली पास झाली. आज ती ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतल्या गुंगालिन या उपनगरात सरकारी नोकरीत आहे आणि कुठलीही जागा पक्की करण्याआधी तिथे जाऊन दोन म्हाताऱ्यांशी बोलते.

तर मित्रांनो, जुने नकाशे फेकू नका. आमच्यावर विसंबूनही राहू नका.

मी अजून त्याच जुन्या घरात, सोफ्यामागेच आहे. गेल्या हिवाळ्यात भिंतीची ओल माझ्यात उतरली. निळा कागद केव्हाच गळून पडला होता; वाटले, आता तरी अंगावर ते धरण उमटेल. डाग पडला तो माझ्या कडेच्या लेस्टरशायरमध्ये.