ओढून काढलेला माणूस

सकाळी ती नवऱ्याला कुशीवर वळवत होती. पाठ पुसायची, पावडर लावायची, चादरीची सुरकुती काढायची, मग दुसरी कूस. मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या नवऱ्याने विचारलं, "आज सत्कार ना त्याचा?"

सत्कार त्याच्या धाकट्या भावाचा होता. चेपलेल्या गाडीतून सख्ख्या भावाला ओढून काढणारा शूरवीर म्हणून सारं गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं. लोकांना वीर हवे असतात, खरं काय घडलं याची चौकशी कोण करतो?

खरं तिला ठाऊक होतं, कारण ती तिथेच उभी होती. गाडीला आग नव्हती, पेट्रोलही सांडलं नव्हतं. नवऱ्याचे पाय अडकले होते, पण तो बोलत होता, बोटं हलवत होता. रुग्णवाहिकेतली नर्स मागच्या काचेतून आत शिरून दोन्ही हातांनी त्याची मान धरून बसली होती. मानेला पट्टा लागू दे, पत्रा कापायचं यंत्र येऊ दे, तोवर हात लावू नका, म्हणून ती विनवत होती. दिराने त्या नर्सलाच दंडाला धरून बाहेर काढलं आणि चार जणांनी मिळून नवऱ्याला खेचलं. त्यानंतर ती बोटं कधी हलली नाहीत.

घरातलं घरात राहू दे, असं सासूबाईंनी बजावलं होतं. इतके दिवस तिने ते गिळलं. पण दिराच्या गळ्यात पदक पडलं तेव्हा तिने माइक मागितला. वहिनी कौतुक करणार म्हणून टाळ्यांचा कडकडाट झाला. तो तिला गोड लागला, कारण आता तो थांबणार होता. तिने तिखटमीठ न लावता सगळं सांगितलं.

दीर पांढराफटक पडला. "वहिनी, माझा हेतू वाईट नव्हता."

"मग तो हेतू त्यांच्या पाठीखाली अंथरा, भाऊजी. पडून पडून झालेल्या जखमा चिघळायच्या थांबतात का बघू. उद्यापासून त्यांना तुम्ही वळवायचं."

दुसऱ्या दिवशी तो आला. सासूबाई म्हणाल्या, आता पुरे कर. तिने ऐकलं नाही. तिच्या मनात दया नव्हती आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. अपघातापाशी हात शिवशिवणाऱ्या प्रत्येकाला तिला ही खाट दाखवायची होती.

दीर खाटेशी बसून रडला. "दादा, मला माफ कर."



"नाकाला खाज येतेय रे," नवरा म्हणाला. "आधी तेवढं खाजव."