पाठ टेकणं

"अवं, आता तरी आडवं व्हा की," असं म्हणत शरणम्मानं पहाटे नवऱ्याच्या पाठीमागच्या उशा ओढल्या आणि खांद्याला धरून त्यांना सतरंजीवर निजवलं. पाच मिनिटंही झाली नसतील, गुरुबसप्पांचे डोळे फिरले, ओठ निळे पडले. तिच्या ओरडण्यानं धावत आलेल्या शेजारच्या वाजिदनं त्यांना उचलून बसवलं, तेव्हा कुठं श्वास आला.

चूक तिचीच, पण तिला तरी काय बोल लावायचा? पंधरा दिवस हा माणूस भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होता. लिंगायतांच्या घरात असं मांडी घालून, भिंतीशी फक्त मेलेल्याला बसवतात, पुरतातही बसवूनच. सासऱ्यांना तिनं तसं पाहिलं होतं. जिवंत नवरा तसा दिसला की ती नजर दुसरीकडं वळवायची. लातूरजवळच्या मुरुडच्या आसपासचे आठवडी बाजार पालथे घालून चोळीचे खण विकणारा तिचा नवरा एरवी घरी येऊन पाठ टेकली की घोरायला लागायचा.

वाजिदनं टेम्पोत घालून त्यांना त्याच सकाळी लातूरला नेलं. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं. कचेऱ्यांच्या पाट्या कोऱ्या करकरीत, आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष म्हणून दवाखान्याचे नळ कोरडे. एक्स-रेत छातीची उजवी बाजू पांढरी फट्टक आली. फुप्फुसाच्या भोवती पाणी साठलंय, आडवं झालं की म्हणूनच दम कोंडतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. गुरुबसप्पांना स्टुलावर ओणवं बसवून त्यांनी पाठीतून सुई घातली. चहाच्या रंगाचं दीड लिटर पाणी बाटलीत उतरलं.

त्या दुपारी गुरुबसप्पा खाटेवर उताणे झोपले आणि चक्क घोरले. शरणम्माला इतका आनंद झाला की शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी देऊन टाकली.

चार दिवसांनी पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि काही लपवलं नाही. फुप्फुसाचा कॅन्सर होता, पाण्यात उतरलेला. तो बरा होणारा नव्हता. पाणी पुन्हा भरेल, पुन्हा काढता येईल. दम लागला की घरी थांबायचं नाही, असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोनदा पाणी काढलं. पहिल्यांदा आडवं झोपायला दहा दिवस मिळाले होते, मग सहा, मग तीन. पुढच्या खेपेला वाजिदनं टेम्पो दारात लावला, तर गुरुबसप्पांनी मान हलवली.

"बास झालं. तीन दिसासाठी आता सुई न्हाई."

"मंग झोपायचं कसं वो?"

"बसून. तू मला तसं बघून भिऊन राहिलीस, ठाव हाय मला. भिऊ नको. मी हाय अजून."

वाजिद एकटाच लातूरला गेला आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेलं, दम शांत करायचं औषध घेऊन आला. शरणम्मा मात्र दिवसभर रडली, अगदी मन मोकळं होईतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या मागं जाऊन बसली आणि आपली पाठ त्यांच्या पाठीला लावली. जरा वेळानं त्यांचा सगळा भार तिच्यावर आला आणि ते घोरायला लागले. गल्लीत टँकर आला, बायका घागरी घेऊन धावल्या, शेजारणीनं दोनदा हाक मारली. टँकर रिकामा होऊन निघून गेला तरी शरणम्मा जागची हलली नाही.