चौथं कडवं

बोटीवर वादकांना नियम एकच होता: आभाळ कोसळलं तरी गाणं थांबवायचं नाही. हा नियम काही कलेच्या प्रेमापोटी झालेला नव्हता. काही वर्षांपूर्वी दोन पाहुणे जेवता जेवता हातघाईवर आले, वादक घाबरून थांबले, आणि काय झालं ते बघायला सगळी जनता एका बाजूला धावली. बोट कलली, टेबलं घसरली, गरम सूप लोकांच्या मांड्यांवर गेलं. तेव्हा मालकाने ठरवून टाकलं. काही बरंवाईट झालंच, तर डफवाल्याने डफावर तीन जोडठोके द्यायचे. ते ऐकून बोट चालवणाऱ्या तांडेलाने ती हळू करायची, मॅनेजरने धावायचं, आणि पाहुण्यांनी आपलं म्हणत राहायचं, वा, काय ठेका आहे!

ठोके नेमके कधी द्यायचे, हे मालकाने सांगितलं नव्हतं. ते डफवाल्याने स्वतःच ठरवलं होतं. कडवं संपल्यावर. अकरा वर्षांत चारदा वेळ आली होती. कुणाला घेरी आली, कुणाच्या घशात काटा अडकला. चारही वेळा त्याने कडवं पुरं केलं आणि मग ठोके दिले, आणि काही बिघडलं नव्हतं. त्याचा बाप डफ शिकवताना म्हणायचा, "घर पेटलं तरी आधी कडवं पुरं करायचं, मग बादली उचलायची." म्हणताना बोटांवर पट्टीही मारायचा, त्यामुळे ते डोक्यापेक्षा बोटांना जास्त पाठ झालं होतं.

डफवाला पंचावन्नचा, बिनलग्नाचा, बहिणीकडे राहणारा. दोन खोल्या, त्यातली एक ओल आलेली, ती त्याची. खिळ्याला डफ, दोरीवर बोटीचा लाल कोट. बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, बोटीवर गायचा आणि तारा छेडायचा. तिसरा एक बासरीवाला. डफवाला म्हणजे गोगलगाय, आणि पोटात पाय नसलेली, असं सगळे म्हणायचे. गेल्या महिन्यापर्यंत ते खरंही होतं.

वादकांचा ओटा बोटीच्या पुढच्या टोकाला. पाहुण्यांची तोंडं वादकांकडे, आणि वादकांची तोंडं पाहुण्यांच्या डोक्यांवरून थेट मागच्या कठड्याकडे. दाजी गाताना डोळे मिटायचा. बासरीवाल्याची नजर गोडाच्या ट्रेवरून हलायची नाही. म्हणजे मागचा कठडा बघणारा सगळ्या बोटीवर एकच माणूस उरला. कठड्याला मधोमध एक फट होती, चढायची फळी लावायला. बोट सुटली की तिथे साखळी लावायची. साखळीचा आकडा झिजला होता, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणीच दुरुस्त करत नाही.

त्या संध्याकाळी अकरा नंबरच्या टेबलावर एक माणूस एकटाच बसला होता. समोरची खुर्ची रिकामी, तरी वाढप्याने दोन ताटल्या मांडलेल्या, कारण तिकिटं दोन होती. पन्नाशीचा असेल. इस्त्रीचा निळा शर्ट. प्रत्येक तिकिटाला खाली फर्माइशीची एक पट्टी जोडलेली असायची. त्याने ती फाडून, बराच वेळ विचार करून काहीतरी लिहिलं आणि वाढप्याबरोबर पाठवलं. दाजीने वाचलं, भुवया उंचावल्या आणि चिठ्ठी डफवाल्याकडे दिली. डफवाल्याने ती कोटाच्या खिशात ठेवली.

नावाड्याचं घरी यायचं गाणं मागितलं होतं. जुनं आहे, संथ आहे, जेवताना कुणी मागत नाही. पहिल्या कडव्यात नावाडी लांब असतो आणि बायकोला हाक मारतो, दिवा लाव म्हणून. दुसऱ्यात पुलाखाली येतो, तिसऱ्यात वळणावर, चौथ्यात काठाला लागतो, आणि पाचव्यात घरात.

गाणं सुरू झालं. पाहुणे जेवत होते. निळ्या शर्टवाला मात्र तिसऱ्या कडव्याला उठला, मागे कठड्यापाशी गेला, नदीकडे पाठ करून वादकांकडे बघत उभा राहिला. एक हात साखळीवर. त्या हाताने तो साखळीवर ताल धरत होता आणि एकही ठोका चुकत नव्हता. डफवाल्याला फार बरं वाटलं. अकरा वर्षांत त्या बोटीवर त्याच्या बोटांकडे कुणी असं लक्ष दिलं नव्हतं. तो त्या माणसासाठीच वाजवायला लागला, जरा जास्तच मन लावून. माणूस हसला, साखळीला आणखी रेलला. चौथं कडवं नुकतं उचललं होतं. आकडा निसटला आणि माणूस पाठमोरा खाली गेला.

ओरडलाही असेल. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार!

डफवाल्याला काही समजलं नाही असं कुणी म्हणू नये. त्याला सगळं समजलं होतं. डोकं म्हणत होतं, ठोके दे. हात म्हणत होता, कडवं संपू दे. आणि चालली हाताची. कडवं संपलं, तेव्हा त्याने तीन जोडठोके दिले, एक मात्राही न चुकता.

बोट वळली. झोत टाकले, दोर टाकले. धावपळीत मॅनेजरने लोंबणारी साखळी उचलून पुन्हा आकड्यात अडकवली, तेही डफवाल्याने पाहिलं. माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या पुलाच्या खांबाशी सापडला.

पोलीस चौकीत मॅनेजर म्हणाला, साखळी लावलेलीच होती, हातच्या काकणाला आरसा कशाला, येऊन बघा. डफवाल्याला विचारलं, तू काय पाहिलंस? तो म्हणाला, "मी डफाकडे बघत होतो. कडवं संपल्यावर मान वर केली तर माणूस जागेवर नाही. म्हणून ठोके दिले." दुसरं काय सांगणार होता? पाहिलं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग कागदावर असं आलं, की साखळी लावलेली असताना गेला, म्हणजे ओलांडून गेला, म्हणजे स्वतःहून गेला. मॅनेजरने त्या दिवशी डफवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

साखळीचं त्याने दाजीला सांगितलं. कडव्याचं नाही. दाजी म्हणाला, "मेलेला माणूस काही परत येत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं. झाकली मूठ तशीच राहू दे." मूठ झाकलेली राहिली, पण आत काय आहे ते मुठीला माहीत असतंच की. डफवाल्याला अन्न गोड लागेना. कडव्याच्या शेवटी शेवटी त्याचा हात अडखळायला लागला. बहीण ताट वाढताना म्हणाली, "भाऊ, डॉक्टरला दाखव एकदा. रात्री झोपेत बोटं वाजवतोस खाटेवर." तो म्हणाला, "वाताचं असेल." लाल कोट त्याने महिनाभर धुवायला टाकला नाही, कारण खिशात ती चिठ्ठी होती.

महिन्याने, अशाच एका संध्याकाळी, अकरा नंबरवर एक बाई येऊन बसल्या. एकट्याच. करडा स्वेटर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सुपाला हात लावला नाही. बोट पहिल्या पुलाखालून गेल्यावर त्यांनी तिकिटाची पट्टी फाडली आणि वाढप्याकडे दिली. दाजीने वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

"गेल्या महिन्यात याच टेबलावरून जे गाणं मागितलं होतं, ते."

"आठवत नाही म्हणून सांगतो," दाजी हळूच म्हणाला. "तू गप बस. माझं ऐक."

डफवाला गप्प बसला. पण गोडाची वाढ सुरू झाली की दाजी एकटाच तारा छेडायचा आणि बाकी दोघांना पंधरा मिनिटं सुट्टी असायची. बासरीवाला ट्रेच्या मागे गेला. डफवाल्याने डफ खाली ठेवला आणि तो सरळ अकरा नंबरकडे निघाला. त्याचं ठरलं होतं. चिठ्ठी द्यायची आणि परत यायचं. बास. बाईच्या जिवाला शांती मिळेल, आणि आपल्यालाही बोलायला लागणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचाच प्रकार तो, पण माणूस आधी तसंच करून बघतो.

"ताई, बसू का?"

"बसा ना, दादा." त्यांनी समोरच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. "तुम्ही डफ वाजवता ना? माझी चिठ्ठी मिळाली का? ह्यांच्या पाकिटात ह्याच टेबलाची तिकिटं सापडली. एकाची पट्टी फाडलेली होती. मी महिनाभर त्या फाडलेल्या कडेकडे बघतेय. जीव द्यायला निघालेला माणूस फर्माइश करतो का हो?"

त्याने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी चष्मा हाताने धरून वाचली.

"नावाड्याचं घरी यायचं गाणं वाजवा. बायकोला फार आवडतं. ती रुसली आहे म्हणून आली नाही. घरी गेल्यावर सांगेन, तुझं गाणं मागितलं होतं."

त्या पुन्हा वाचायला लागल्या. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी पालथी केली, मागे काही आहे का बघितलं, आणि मग रडल्या. आवाज न करता, बाजूच्या टेबलावरच्यांना कळणार नाही अशा.

"अक्षर त्यांचंच आहे. मुंग्या निघाल्यासारखं," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर, असं लिहिलंय. म्हणजे घरीच यायचं होतं त्यांना."

"हो."

"नणंद म्हणाली, असं काय केलंस की माझा भाऊ नदीत गेला? आणि मी काय सांगणार तिला? सकाळी मीच म्हणाले होते, जा एकटेच, आणि नाही आलात तरी चालेल मला. ह्या चष्म्याच्या काडीवरून. आठवडाभर दुरुस्तीला नेतो म्हणत होते, विसरत होते. एवढंच."

"घराघरात बोलतात तसं, ताई."

"वाजवलंत का ते गाणं तेव्हा?"

"वाजवलं. ताल धरला होता त्यांनी. चांगला धरला होता."

बाईंनी डोळे पुसले आणि त्याचा हात हातात घेतला. "दादा, तुमचे उपकार कसे फेडू? परक्याची चिठ्ठी कोण महिनाभर जपतं? देव तुमच्या हाताला यश देवो."

इथे तो उठला असता तर सगळं गोड झालं असतं. पलीकडून दाजी तारा छेडत डोळे उघडे ठेवून त्याच्याकडेच बघत होता आणि मानेने ये ये करत होता. पण बाईंनी नेमकी तीच बोटं धरली होती. त्याला ते सहन झालं नाही. त्याने हात ओढून घेतला.

"ताई, ते ओलांडून गेले नाहीत. साखळीचा आकडा निसटला. मी पाहिलं."

"पाहिलंत?"

"पाहिलं. मॅनेजरने साखळी नंतर अडकवली, तेही पाहिलं. चौकीत खोटं बोललो."

"का पण?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "आमच्या ह्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"काही नाही. मी ठोके उशिरा दिले. काही झालं की डफावर ठोके द्यायचे असतात, मग बोट थांबते. ते पडले तेव्हा चौथं कडवं लागलं होतं. मी कडवं संपवलं आणि मग दिले. तेवढं सांगावं लागू नये म्हणून बाकीचंही लपवलं."

वाढपी वाटी घेऊन आला, दोघांकडे बघून तसाच मागे गेला. बाहेर अंधारायला लागलं होतं. काठावरच्या घरांत एकेक दिवा लागत होता.

"उद्या चौकीत याल माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"मॅनेजर काढून टाकेल तुम्हाला."

"टाकू दे."

त्यांनी मान हलवली. चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. मग म्हणाल्या,

"कडवं केवढं असतं?"

"म्हणजे?"

"मला गाण्यातलं कळत नाही. ऐकायला आवडतं फक्त. ते कडवं केवढं असतं, ते सांगा."

आठ आवर्तनं, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण तेवढ्यावरून बाईंना काय कळणार? त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि बोटांनी चौथं कडवं पहिल्या ठोक्यापासून वाजवायला सुरुवात केली. संथ, जसं असतं तसं. बाई खिडकीबाहेर पाण्याकडे बघत होत्या. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला बासरीवाला तोंड पुसत ओट्यावर परत गेला. चौथ्याला कुणाचं तरी मूल दोन टेबलांमधून धावत गेलं आणि आईने त्याला परत बोलावलं. पाचव्याला डफवाल्याचे हात थांबले.

"संपलं?"

"नाही."

"मग पुरं करा."

त्याने पुरं केलं. सहावं, सातवं, आठवं. शेवटी तीन जोडठोके आपोआप बोटांतून आले, अगदी हलके. टेबलावरचा चमचा जरासा हलला आणि थांबला.

बाईंनी पाण्यावरची नजर काढली नाही.

"थोडंफार पोहता येत होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "एवढा वेळ तर येत होतं."