शिळेवरचे बरोबरचे चिन्ह

आपल्या निरोपसमारंभाला घटकाभर अवकाश असताना गुरुजींनी वर्गाच्या दारावर बसवण्यासाठी ठेवलेल्या शिळेवरचे वस्त्र सहज उचलून पाहिले, आणि गणिताच्या अध्यापनात हयात घालवलेल्या त्या शांत पुरुषाचा संयम सुटला.

शिळा त्यांच्या पाथरवट मेहुण्याने भेट म्हणून घडवली होती. गुरुजींच्या नावाखाली कोरले होते: e^π − π = २०.

"मेहुणे, हे काय करून ठेवलंत?"

"तुमचंच की, भावोजी! पानावर बसलात की सांगता, ईचा पाय घात, त्यातून पाय वजा, जवळजवळ वीस. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर ताडूनही पाहिलं. वीस पूर्णांक शून्य शून्य!"

"तो दोनच दशांश स्थळं दाखवतो हो! खरी किंमत १९.९९९०९९... अशी आहे. 'जवळजवळ' कुठं गेलं?"

"जागा नव्हती. सहा अक्षरं कुठं कोंबू? आणि एवढा फरक तर दगडात मी रोज खपवतो."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. पूर्णांकाच्या उंबरठ्याशी यावे आणि आत पाऊल न टाकता थांबावे, यातच त्या राशीचे वैभव, असे ज्यांना त्यांनी शिकवले, ते आज स्वतः गणिताचे अध्यापक होऊन सभागृहात जमत होते. आता ही चूक त्यांच्या नावाखाली या दारावर कायमची राहणार!

"काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच!"

"पांढरा आहे, भावोजी."

"अहो, भांडताय काय?" गुरुजींच्या पत्नी भावावर आणि नवऱ्यावर सारख्याच वैतागल्या. "लोक यायला लागले. तुमच्या गणितात 'जवळजवळ'ला काही खूण नाही का?"

गुरुजी थबकले. मग खडू घेऊन त्यांनी फरशीवर दोन लाटा काढल्या, एकीखाली एक.

"एवढंच?" आता मेहुणे तडकले. "मग इतकी वर्षं तोंडानं कशाला सांगत बसलात? आधी काढून दाखवायचं!"

पिशवीतून छिन्नी निघाली. सरळ रेघ बुजवता येत नाही, पण रुंद वळणात गिळता येते. पांढरी भुकटी गुरुजींच्या नव्या कोटावर बसत राहिली. त्यांनी ती झटकलीही नाही. दुसरी लाट पुरी होते न होते तोच घंटा झाली.

गुरुजींनी चष्मा सावरून पाहिले आणि पुन्हा कळवळले. "अहो, हे चिन्हच आता सगळ्यांत मोठं दिसतंय! वीसचा आकडा पार झाकोळून गेला."

"मग?" छिन्नी पुसत मेहुणे म्हणाले. "इतका वेळ त्याच्यासाठीच डोकं खाल्लंत ना माझं?"