तिन्ही भिंतींवर एकच चित्र

बोगद्याचं छत कोसळलं आणि डोंगराच्या पायथ्याची शाळा अडकलेल्या कामगारांच्या घरच्यांनी भरून गेली. आधी सगळे सभागृहात मावले. मग बहिणी आल्या, साडू आले, चुलत्यांची पोरं आली, तेव्हा वाचनालय उघडलं. तेही पुरेना म्हणून मागच्या अंगाचा सुतारकामाचा वर्ग मोकळा करून दिला.

तीन खोल्या झाल्या आणि घोळ तिथेच सुरू झाला. साहेब लोक एकेका खोलीत जाऊन बातमी सांगायचे. सभागृहात सांगितलं, "आतून ठोकल्याचा आवाज आला, मग थोडा थांबला." ती बातमी सुतारवर्गात पोचली तेव्हा तिच्यातलं "थोडा" गळून गेलं होतं. कुणीतरी बाक उचलून खिडकीवर घातलं. शेवटी फोरमनचे वडील पुढे झाले. त्यांचा मुलगाही आतच होता. म्हातारा माणूस, आवाज मऊ, पण शब्द तोलून टाकणारा.

"हवेच्या पाईपातून कॅमेरा खाली सोडणार म्हणता ना? मग तो आम्ही बघणार. सगळ्या खोल्यांत, एकाच वेळी, एकच चित्र. कुणाला आधी नाही, कुणाला नंतर नाही."

साहेबांनी मान डोलावली, आणि प्रोजेक्टरवालीला बोलावणं गेलं.

ती आणि तिचा नवरा लग्नकार्यांत, सभा-संमेलनांत प्रोजेक्टर लावायचं काम करायचे. पण इथे तिला बोलावलं त्याला आणखी एक कारण होतं. बोगद्याचा इंजिनिअर तिचा धाकटा भाऊ. शाळेच्या फाटकातून ती तारांची भेंडोळी घेऊन आत शिरली तेव्हा लोकांनी वाट दिली, पण कुणी हसलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "इंजिनिअरची बहीण आहे ती. घरचंच झालं काम." तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

शिक्षकांच्या खोलीत तिने लॅपटॉप मांडला. बोगद्याच्या तोंडापासून आलेली कॅमेऱ्याची तार त्याला जोडली. लॅपटॉपला चित्र बाहेर काढायला तोंड एकच, आणि भिंती तीन. म्हणून त्या तोंडाला एक चपटी डबी जोडली. आत एक तार शिरते, बाहेर तीन निघतात, आणि तिन्हींवर तेच चित्र, त्याच क्षणी. अंतर लांब होतं, त्यामुळे मध्ये नेटची तार टाकून दोन्ही टोकांना छोटे जोड लावावे लागले. सभागृह लागलं. वाचनालय लागलं. सुतारवर्गात शाळेचाच जुना प्रोजेक्टर होता, तो मात्र काळाठिक्कर.

"त्याला एवढं बारीक चित्र झेपत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळ्यांचंच थोडं जाड करते."

"म्हणजे बैल दमला म्हणून सगळ्या गाड्या हळू."

"आज हळूच बरं."

तिने लॅपटॉपवरून चित्राचा बारीकपणा कमी केला. जुना प्रोजेक्टर खाकरल्यासारखा घरघरला आणि भिंतीवर निळा चौकोन उमटला.

सुतारवर्गाच्या खिडक्यांवर घोंगड्या ठोकायच्या होत्या, कारण बाहेर लख्ख दुपार होती. ती स्टुलावर चढली तेव्हा खालून घोंगडीचं टोक धरायला एक बाई आपणहून आली. पंप चालवणाऱ्याची बायको. तोंडात दोन खिळे धरून ते एकेक वर देत होती, आणि खिळे संपल्यावर बोलायला लागली. बोगद्यात पाणी साचतं, ते उपसणारे पंप तिच्या नवऱ्याकडे. "सुट्टी झाली तरी हे शेवटी निघतात. पंप बंद करून, नळ्या गुंडाळून. जेवण गार होतं रोज. आता सवय झाली." मग स्टुलाला हात देत म्हणाली, "हळू उतरा हं. तुम्हीच पडलात तर आम्हाला कोण दाखवणार?"

ती परत शिक्षकांच्या खोलीत आली तर भाऊ तिच्या खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली, बुटांवर चिखल वाळून भेगाळलेला.

"ताई, एक काम कर. सुतारवर्गाची तार तेवढी ऐन वेळी काढायची."

"काढायची?"

"प्रोजेक्टर जुना आहे. बिघडला म्हणायचं. कुणाला खोटं वाटणार नाही."

ती डबीच्या मागे तिसऱ्या तारेवर बोट ठेवून उभी राहिली. एक खटका दाबला की काम होणार होतं. लहानपणी याची प्रगतिपुस्तकं तिने लपवली होती, वडिलांच्या हातचा मार त्याच्या वाटणीचा खाल्ला होता. त्याने मागावं आणि तिने द्यावं, असंच चालत आलं होतं. खरं सांगायचं तर तिच्या तोंडाशी "बरं" आलं होतं.

"सुतारवर्गाचीच का?" तिने विचारलं.

तो बुटाकडे बघत राहिला.

"बाळ्या. का?"

"सकाळी पाईपाला कान लावून बोललो आम्ही त्यांच्याशी. एकेकाने नाव सांगितलं." तो थांबला. "पंपवाला नाहीये. पहिल्याच दिवशी गेला. बाजूला ठेवलाय त्यांनी. कॅमेरा फिरला की दिसणार."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी मोठ्याने शिंकलं. घोंगडीचं टोक धरणारे दोन हात तिच्या डोळ्यांपुढे आले.

"सकाळपासून माहीत आहे तुला."

"वरच्यांनी सांगितलंय, सगळे बाहेर येईपर्यंत बोलायचं नाही. लोक बिथरले तर मशिनं थांबतील. ताई, ते चुकीचंही नाही. आणि तिला ते भिंतीवर दिसावं, असं वाटतं का तुला?"

"नाही."

"मग काढ तार."

"तार काढली तर काय होईल? सभागृहातली माणसं बघतील. वाचनालयातली बघतील. कुणीतरी अंगण ओलांडून धावत येईल आणि दारातून ओरडेल. तसं कळावं तिला?" ती हळू बोलत होती. "बाबांचं आपल्याला कसं कळलं होतं, आठवतं? दुधाच्या रांगेत. त्या माणसाला वाटलं, आपल्याला माहीतच असेल. तू हसत होतास तेव्हा."

त्याने तोंडावरून हात फिरवला.

"तू जा," ती म्हणाली. "आत्ता जा आणि सांग."

"मला नाही जमणार. ताई, तो बोगदा माझा आहे."

"म्हणूनच."

लॅपटॉपच्या पडद्यावर राखाडी ठिपका हलला. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी कॅमेरा पाईपात सोडला होता. दूरवरून सभागृहातला कल्लोळ ऐकू आला आणि एकदम विझला. तिन्ही भिंतींवर आता पाईपाची गोल, ओली भिंत सरकत होती.

"थांबत थांबत सोडतायत," ती म्हणाली. "वेळ आहे अजून. थोडाच आहे."

तो उठला. दारापर्यंत गेला, परत वळला, मग बाहेर पडला. खिडकीतून तिला तो अंगण ओलांडताना दिसला. एकेक पाय गाळातून उपसावा तसा चालत होता. सुतारवर्गाच्या दाराशी उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि आत गेला.

त्यानंतर थोड्याच वेळात सुतारवर्गातून आरडाओरडा उठला.

आधी तिला वाटलं, त्याने सांगितलं. पण तो आवाज रडण्याचा नव्हता, संतापाचा होता. बाकं सरकत होती. तिने डबीकडे पाहिलं. तिसऱ्या तारेचा दिवा विझलेला. तिने तारेला हातही लावला नव्हता.

"अहो!" तिने खिडकीतून नवऱ्याला हाक मारली. "तिसरी गेली. अंगणातला जोड बघा."

नवरा धावला. तेवढ्यात दारात फोरमनचे वडील उभे राहिले. मागे चार-पाच माणसं.

"बंद केलंत ना?" म्हातारा म्हणाला. आवाज तसाच मऊ होता. "तुमचा भाऊ आत गेला आणि चित्र गेलं. आम्ही इतके दुधखुळे नाही, बाई."

"काका, आत या. हे बघा." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "चित्र चालू आहे. इथून जातंय, तिथे पोचत नाहीये. कुणाचा तरी पाय पडला असेल तारेवर."

"पाय."

"खोटं वाटत असेल तर इथेच उभे राहा. माझ्या हाताकडे बघत राहा."

म्हातारा खरंच आत आला आणि तिच्या हातांकडे बघत उभा राहिला.

अंगणातून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, जोड निखळलाय! हाताने दाबून धरतो. तू बघ येतंय का!"

दिवा लुकलुकला, पण पेटून राहीना. जोड बसला होता, डबीला मात्र तिसरा प्रोजेक्टर आता ओळखू येत नव्हता. डबी बंद करून पुन्हा चालू केली तरच ती तिघांनाही नव्याने ओळखणार होती. म्हणजे काही क्षण तिन्ही भिंती काळ्या. आणि पडद्यावर पाईपाचं टोक दिसायला लागलं होतं. खाली उजेड होता, पिवळा, हलणारा.

आता अंधार केला तर दोन खोल्यांची खात्रीच पटणार होती की मुद्दाम केलं. नाही केला तर तिसरी खोली आंधळी राहणार होती.

"काका," ती म्हणाली, "मला सगळंच एकदा बंद करावं लागेल. तुम्ही सांगा त्यांना. माझं कुणी ऐकणार नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या उजेडाकडे. त्या उजेडात कुठेतरी त्याचा मुलगा होता किंवा नव्हता. तिने सगळ्या खोल्यांत ऐकू जाणारा शाळेचा माईक पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

"मी फोरमनचा बाप बोलतोय. चित्र एकदा जाईल आणि परत येईल. मी इथे उभा आहे, बघतोय. सुतारवर्गाचं आल्याशिवाय आपण कुणीच पुढचं बघायचं नाही. बसून घ्या."

तिने डबीची वायर ओढली.

तिन्ही खोल्यांत अंधार आणि शांतता पडली. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्याचाही. तिने वायर परत खोचली. पहिला दिवा. दुसरा. तिसरा लागला नाही. ती डबीवर वाकून वाट बघत राहिली. नवऱ्याने बाहेर काहीतरी घट्ट धरलेलं असणार, कारण तो बोलत नव्हता. मग तिसरा दिवाही लागला आणि तसाच राहिला.

भिंतींवर माणसं उमटली. चिखलाने एकाच रंगाची झालेली, कॅमेऱ्याच्या दिव्यामुळे डोळे मिचकावणारी. एकजण कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन हसला, त्याचे दात तेवढे पांढरे. तिन्ही खोल्यांतून एकच आवाज उठला. नावं, हाका, रडणं, सगळं एकात एक. म्हातारा पडद्याला नाक लावून बघत होता. मग त्याने एका कडेच्या आकृतीवर बोट ठेवलं. "हा. हा उभा राहतो असाच, वाकडा," तो म्हणाला आणि बोट तिथेच ठेवून बघत राहिला.

कॅमेरा फिरला. मागच्या बाजूला फळीवर कुणीतरी आडवं होतं. चेहऱ्यापासून पायापर्यंत दुसऱ्यांचे कोट पांघरलेले. कॅमेरा तिकडे वळलेला पाहून आतल्यांपैकी दोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

कल्लोळ थांबला.

ती उठून अंगणात आली. नवरा उकिडवा बसून जोड मुठीत आवळून होता, बोटं पांढरी पडलेली. ती त्याला ओलांडून सुतारवर्गाच्या दाराशी गेली.

पंपवाल्याची बायको भिंतीपाशी उभी होती. भाऊ तिच्या बाजूला, टोपी हातात चुरगाळत. तिला कळलेलं होतं. चेहऱ्यावरूनच दिसत होतं की भिंतीने तिला ते सांगितलेलं नाही. ती कोट मोजल्यासारखी बघत होती. तिची सावली चित्रावर पडली होती आणि मागे बसलेल्या एका मुलीला तिचे वडील दिसत नव्हते. बाईच्या ते ध्यानात आलं. ती बाजूला सरकली, आणि मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. दोन बायका उठून तिच्याजवळ गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसं एकेक करून बाहेर काढली. फोरमन वाकडा चालतच बाहेर आला आणि बापाच्या गळ्यात पडला. पंपवाल्यालाही आणलं. कुणी बिथरलं नाही, मशिनंही थांबली नाहीत. तरी न विचारता बोलल्याबद्दल भावाला वरून तंबी मिळाली आणि पुढे दुसऱ्या कामावर धाडलं गेलं. त्याने कुरकुर केली नाही.

त्या संध्याकाळी मात्र तो तारा गुंडाळायला आला होता. दोघं अंगणात बसून भेंडोळी करत होती.

"अंधार झाला म्हणून सांगू शकलो," तो म्हणाला. "उजेडात तिच्याकडे बघून मला जमलं नसतं. तू मुद्दाम काढलीस ना तार?"

"नाही रे. पाय पडला कुणाचा तरी."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, लहानपणी हलवायचा तशी, म्हणजे पटलं नाही पण चालेल. तिने पुन्हा सांगायला तोंड उघडलं, मग राहू दिलं. तारेचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नीट धर. पीळ पडतोय."