रिकामी उडवलेली रायफल

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. पॉइंट टू टू म्हणतात तसली, बारीक काडतुसाची. माझ्याने अस्वल मरत नाही, हरीण मरत नाही. खार मरते, फार तर ससा. माझा जन्म कारखान्यात झाला, पण ते मला आठवत नाही. तिथे आम्ही सगळ्या एकसारख्याच होतो. आठवतं ते केंटकीच्या डोंगरातलं एक दुकान. खिळे, दोर, घमेली आणि बंदुका, सगळं एकाच भिंतीला. तिथे मला व्हर्लीने निवडलं.

तिच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. अंगाने ती लहानखुरी होती. सोबत नवरा होता, थर्मन. कोळशाच्या खाणीत काम करणारा, उंच, लांब हातांचा. त्याने माझ्या शेजारची रायफल उचलली. ती आपोआप गोळी भरून घेणारी होती.

"ही घे. दहा गोळ्या मावतात. दहातली एखादी तरी लागेल."

"तुझ्या दहा, माझी एक," व्हर्ली म्हणाली. "कुणाच्या ताटात काय पडतं ते जेवताना बघू."

दुकानदार ओकी तेव्हा पोरसवदा होता. तो खो खो हसला, आणि थर्मनने डोळे वटारताच खिळे मोजायला लागला.

व्हर्लीची निवडायची रीत बापाने शिकवलेली होती. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची. गाल टेकायचा. मग डोळे उघडायचे. टोकावरचा नेमाचा दाणा मागच्या खाचेत आपोआप बसलेला दिसला, तर ती आपली. त्यासाठी मान वाकडी करावी लागली, तर ती दुसऱ्या कुणाची. तिने चार रायफली अशा लावून खाली ठेवल्या. पाचवी मी. तिने डोळे उघडले आणि हललीच नाही.

"हीच," ती म्हणाली.

"अगं, पण हिच्यात एका वेळी एकच गोळी. बोल्ट उचला, मागे ओढा, गोळी घाला, पुढे लोटा. तोवर खार आपल्या माहेरी जाऊन येईल."

"म्हणूनच. एकच आहे म्हटलं की माणूस विचार करून झाडतो."

मित्रांनो, पुढची सेहेचाळीस वर्षं मी तिच्या हातात होते.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी खारींचा हंगाम उघडतो. अंधुक उजाडताना ती दोघं घरामागच्या चढावर जायची. तिथे अक्रोडाच्या जातीचं, एक मोठं हिकरीचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला एका बाजूने ती टेकायची, दुसऱ्या बाजूने तो. एकमेकांना दिसायची नाहीत. बोलायचं तर नाहीच. वर खार हिकरीचं फळ कुरतडायला लागली की टरफलांचा चुरा पानांवर पडायचा, भुरभुर पावसासारखा. मग माझा बार. मग पुढची गोळी भरताना माझ्या बोल्टचा आवाज, खट्-खट्. सगळ्या सकाळीत थर्मनला बायकोची चाहूल लागायची ती एवढीच. तो आवाज आला की त्याला कळायचं, ती आहे.

ती खारीच्या डोक्यावर नेम धरायची, मांस खराब होऊ नये म्हणून. थर्मनची बंदूक छर्ऱ्यांची होती. घरी खारी तळून, त्याच भांड्यात पीठ परतून दुधाचा दाट रस्सा व्हायचा, बरोबर गरम, पावासारखी मऊ बिस्किटं. जेवायला व्हर्लीची धाकटी बहीण इनेझ हमखास यायची. पहिला घास खाऊन ती म्हणायची, "दाताखाली छर्रा आला. ही थर्मनची." थर्मन म्हणायचा, "मग थुंक आणि आमची खार परत कर."

त्या वर्षांत मला गंज माहीत नव्हता. काम झालं की तेलाचा बोळा, मग खिळ्यावर. मला दुसरं काही नको होतं.

मग व्हर्ली आजारी पडली. दोन हंगाम मी खिळ्यावरच राहिले. फेब्रुवारीत ती गेली.

सगळे पाहुणे परतल्यावर एके संध्याकाळी थर्मनने मला खाली काढलं. मांडीवर आडवं घेतलं. बोल्ट मागे ओढला, पुढे लोटला. खट्-खट्. आणि मान वर करून ऐकत बसला. घराच्या पलीकडच्या बाजूला कुणी असावं तसा.

तेवढ्यावर थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण बोल्ट लावला की माझी आतली स्प्रिंग ताणलेली राहते. तशी ठेवली तर ती ढिली पडेल, व्हर्लीची वस्तू खराब होईल, म्हणून त्याने चाप ओढला. आत गोळी नव्हती. माझ्या जातीच्या रायफलीत आतली सुई काडतुसाच्या काठावर बसते. काडतूस नसेल तर ती सुई नळीच्याच मागच्या तोंडावर आदळते. पोलादावर पोलाद.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. रोज तेच. फेब्रुवारी ते ऑगस्ट. त्याला वाटत होतं, तो मला जपतोय. माझ्या तोंडाशी खाच पडत गेली, आणि मला सांगता येत नव्हतं. खरं सांगते, सांगता आलं असतं तरी सांगितलं असतं की नाही, ठाऊक नाही. कारण बोल्ट वाजला की मीही ऐकत असे.

ऑगस्टात इनेझ आली. "थर्मन, शनिवारी हंगाम उघडतोय. बिस्किटं मी करते. खारी तू आण."

"माझा खांदा आता छर्ऱ्याच्या बंदुकीची लाथ सोसत नाही."

"मग तिची घे. भिंतीला काय शोभेला लावलीय?"

तो उठला. मला काढून गोळी घालायला गेला. ती अर्ध्यावर अडकली. पुन्हा घातली. पुन्हा अडकली. तो मला घेऊन त्याच जुन्या दुकानात गेला.

ओकी आता म्हातारा झाला होता. त्याने दिवा धरून माझ्या आत पाहिलं.

"रिकामी उडवत होतास?"

थर्मनने मान डोलावली.

"किती वेळा?"

"रोज."

"अरे देवा. व्हर्लीने हे पाहिलं असतं तर तुला खारीच्या जागी तळला असता." आपण काय बोललो ते कळून ओकी थांबला. मग हळू म्हणाला, "खाच ठोकून सारखी करता येईल. पण एकदाच. पुन्हा असं केलंस तर नळीच गेली. हवी तर भिंतीवरची दुसरी घे. ही तशीही तुझ्या मापाची नाही. लावून बघ."

सेहेचाळीस वर्षांत थर्मनने मला कधी खांद्याला लावलं नव्हतं. मी तिची होते. त्याने डोळे मिटले आणि मला उचललं. माझ्या दस्त्यावर एक जागा आहे, व्हर्लीच्या गालाने झिजून खोलगट झालेली. त्याचा गाल नेमका तिथे टेकला. तो दचकला. मीही.

"सरक थोडी," तो पुटपुटला. ते त्याने मला म्हटलं नव्हतं.

ओकी पाठ फिरवून खिळ्यांचे डबे लावत राहिला.

"मान वाकडी होतेय माझी," थर्मन शेवटी म्हणाला.

"म्हणजे दुसऱ्याची."

"ते माहितेय. दुरुस्त कर."

ओकीने मला बरं केलं. देताना बजावलं, "भिंतीला लावताना बोल्ट उघडा ठेव. मग चाप ओढायचा प्रश्नच नाही. लावलास की तुझं पुन्हा चालू होईल."

शनिवारी थर्मन एकटा हिकरीखाली बसला. तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही वाया गेल्या. चौथी लागली. इनेझने रस्सा केला. दोघंही जेवायला बसली. ताटं पुसून खाल्ली.

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला नुसती कुरवाळत बसू नका. ज्या कामासाठी त्या माणसाने ती निवडली, ते काम तिला करू द्या. आणि ते नीट शिकून घ्या. मायेनेही वस्तू मोडते, हे मी सोसून सांगते.

त्या संध्याकाळी थर्मनने मला पुसलं, तेल दिलं, खिळ्यावर ठेवलं. बोल्ट उघडा. त्याचा हात बोल्टच्या मुठीवर थोडा वेळ राहिला. मग त्याने तो काढून घेतला आणि खुर्चीत जाऊन बसला. घरात कसलाच आवाज झाला नाही. तो ऐकत राहिला, अंधार पडेपर्यंत. आणि मला ते घाव दुखायचे, तरी मीही त्या खट्-खटची वाट बघत राहिले.